तळव्यावरची टिचकी

“मना नातू कसा शे?” कक्षाच्या दाराशी बसलेली आजी आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक सिस्टरला एवढंच विचारते. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की जळगावचं २०१८ साली सुरू झालेलं महाविद्यालय, नवजात बाळांच्या कक्षाबाहेर अहिराणी, तावडी नाहीतर पावरी कानावर पडते. “बाळ पेटीत ठेवलंय,” असं घरचे सांगतात. खरं तर बरीचशी बाळं पेटीत नसतातच. वरून ऊब देणाऱ्या उघड्या वॉर्मरवर असतात.

अशाच एका वॉर्मरजवळ उभं राहू. तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, १२०० ग्रॅमचं बाळ. पावलाला गुंडाळलेल्या पट्टीतून लाल उजेड झिरपतोय. मॉनिटरवर ठोके १५०. मग आकडा उतरू लागतो: १३०, १०४, ७६. अलार्म वाजतो. सिस्टर आधी बाळाची छाती बघते. ती हललेली नाही. मान जरा वाकली होती, ती सरळ करते आणि तळव्यावर बोटाने हलकी टिचकी मारते. बाळ कुरकुरतं, उचकीसारखा एक श्वास घेतं, मग दुसरा. ९८, १२२, १४७. सिस्टर तक्त्यावर वेळ लिहिते. टिचकीने भागलं नाही तर दाबून श्वास देणारी अंबू बॅग हाताशीच असते.

“हृदयाचे ठोके कमी झाले” हे शब्द ऐकून घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळात हृदय बहुधा निर्दोष असतं. चुकलेला असतो श्वास. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं, त्याला मधेच विसर पडतो. श्वास २० सेकंदांहून जास्त थांबला, किंवा त्याआधीच ठोके नाहीतर ऑक्सिजन घसरला, की त्याला ॲप्निया म्हणतात. मोठ्या माणसाला गुदमरलं की छाती धडधडते. या जिवांचं हृदय उलट मंदावतं. म्हणून उपचार श्वासावर.

आणि त्याचं औषध म्हणजे कॉफीतलं कॅफिन! किलोमागे २० मिलिग्रॅम कॅफिन सायट्रेटचा पहिला डोस, मग रोज एकदा थोडा. मोठ्यांच्या अंगातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांत ओसरतं. या बाळांत त्याला चारेक दिवस लागतात, म्हणून दिवसातून एकदा पुरतं. पूर्वी अमिनोफायलीन देत. त्याने ठोके फार वाढायचे. बार्बरा श्मिट यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांतल्या २००६ बाळांवर कॅफिनची चाचणी झाली. २००७ साली तिचे पुढचे निष्कर्ष आले: कॅफिन मिळालेल्या बाळांत सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण कमी होतं.

एकदा नीट चाललेल्या बाळाचे श्वास थांबण्याचे झटके अचानक वाढले, तर मात्र डॉक्टर जंतुसंसर्ग, साखर, रक्ताची कमतरता शोधू लागतात. अंग गार पडलं तरी ठोके मंदावतात, आणि तापलं तरी श्वास अडखळतो. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जाणाऱ्या खानदेशात दुसरी बाजूही विसरून चालत नाही.

हृदयाची स्वतःची वीज बिघडलेली बाळं थोडी. ठोके २२० च्या वर जाऊन तिथेच खिळले, तर पिशवीत गुंडाळलेला बर्फ काही सेकंद चेहऱ्यावर धरतात. नाही जमलं तर अ‍ॅडेनोसिन: औषध दहा सेकंदांत निकामी होतं, म्हणून शिरेत झटक्यात सोडून लगेच मागून सलाईन ढकलावं लागतं. पडद्यावरची रेघ क्षणभर सपाट होते, मग ताल परततो. काही बाळांत ठोके जन्मतःच मंद असतात, कारण आईच्या रक्तातली प्रतिपिंडं गर्भातच विजेची वाट अडवतात. अशांना पेसमेकर लागू शकतो, आणि त्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं.

मला या सगळ्यात टिचकी मारणारं बोट सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मॉनिटर फक्त हाक मारतो. तीन-चार बाळांमागे एक सिस्टर असावी, असं सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात. यंत्रांची खरेदी होते, फीत कापली जाते. तेवढ्याच तत्परतेने सिस्टरांची रिकामी पदं भरायला हवीत.

गर्भातले आठवडे धरून चौतीसेक आठवड्यांचं वय झालं की कॅफिन थांबवतात. मग पाच ते सात दिवस मोजायचे. मधे एक झटका आला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तोवर बाळ आईच्या छातीशी, लुगड्याच्या घडीत बांधलेलं असतं, आणि आजी काचेतून बोटांवर दिवस मोजत असते.