मास्टर सिलिंडर गळतोय?

जुनी प्रीमिअर पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर महिनोन्‌महिने उभी राहिली की पुष्कळदा मास्टर सिलिंडर गळू लागतो. चाकं आणि पाइपचे जोड कोरडे, तरी टाकीतलं ब्रेक ऑइल उतरतंय? मग सिलिंडरच्या मागचं रबरी बूट उचला. आत ओल दिसली तर मागचं सील गेलं. गळती कुठेच नाही, पण दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसतंय, तर पुढचा रबरी कप आतल्या आत दाब सोडतोय.

पेडल दाबलं की दांडा पिस्टनला ढकलतो. कपाची कड टाकीकडचं बारीक छिद्र ओलांडते, पुढचं तेल कोंडतं आणि तो दाब चाकांपर्यंत पोचतो. हे सगळं कपाची कड सिलिंडरच्या आतल्या भिंतीला घट्ट टेकते म्हणून घडतं.

म्हणूनच रबरापेक्षा भिंत महत्त्वाची. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्या पाण्याने लोखंडी भिंतीला गंज चढतो. शिवाय उकळणबिंदू घसरतो: डॉट ३ तेलाची किमान मर्यादा ताजेपणी २०५ अंश सेल्सिअस, ओलावा मुरल्यावर १४०.

सिलिंडर उतरवताना खाली चिंधी धरा. हे तेल रंग खातं. दांडा थोडा आत दाबून सर्क्लिप काढा. पिस्टन, कप, स्प्रिंग, व्हॉल्व्ह ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवा. ताज्या ब्रेक ऑइलने धुवा. पेट्रोल, रॉकेल, ग्रीस वर्ज्य. त्यांनी रबर फुगतं.

आता बॅटरीच्या उजेडात भिंत पाहा. नुसता डाग असेल तर हलकं होनिंग पुरतं. नखाला खड्डा लागला तर नव्या रबरांचं किट घालण्यात अर्थ नाही. तोच खड्डा नवा कप कापेल. स्लीव्ह बसवा किंवा सिलिंडर बदला.

नवी रबरं ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा. पुढच्या कपाची कड तेलाकडे, म्हणजे दाबाच्या दिशेला हवी. जोडणी झाल्यावर दांडा आणि पिस्टन यांच्यात किंचित फट ठेवा. ती नसेल तर छिद्र उघडत नाही, दाब अडकतो आणि ब्रेक धरून राहतात.

मग सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. शेवटी पेडल जोराने दाबून अर्धा मिनिट धरा. ते जागचं हललं नाही, तरच मोकळ्या जागेत सावकाश चाचणी घ्या. पुढे दर दोन वर्षांनी तेल बदललंत, तर भिंतीला गंज लागायला फारसं निमित्त उरणार नाही.