वण उठला, आता काय? शरीराला आकार देणाऱ्या शस्त्रक्रियेनंतरची काळजी

पोट, दंड, मांड्या यांवरची जादा त्वचा आणि चरबी काढण्याच्या शस्त्रक्रिया आता आपल्या नाशिकसारख्या शहरातही होतात. कुणाचं वजन बरंच उतरलेलं असतं आणि त्वचा मात्र लोंबत राहते. कुणाचं पोट बाळंतपणांनंतर सैल पडलेलं असतं. त्वचेच्या घडीत घाम साचतो, खाज सुटते, मे महिन्यात तर जीव नकोसा होतो. त्यामुळे याला नुसती हौस म्हणून हसण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, घरचे खूश असतात. आणि दीड-दोन महिन्यांनी तोच बारीक वण लाल होतो, खाजतो, दोरीसारखा वर येतो. मग दोन प्रश्न हमखास येतात. ‘शिवण्यात काही चुकलं का?’ आणि ‘हा कापून परत नीट शिवता येईल का?’ आज आपण या दोनच प्रश्नांची उत्तरं पाहू. कारण दुसऱ्या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हटलं, तर कधीकधी पहिल्यापेक्षा मोठा वण पदरी पडतो.

आधी जखम भरते कशी ते बघू. सुरुवातीचे काही दिवस सूज असते. मग शरीर तिथे कोलॅजन नावाचे धागे घालायला लागतं. हे काम घाईचं असतं, त्यामुळे धागे जास्त पडतात आणि वेडेवाकडे पडतात. पुढचे कितीतरी महिने शरीर जादा धागे काढतं, उरलेले नीट लावतं. हे वर्ष-दीड वर्ष चालू असतं. इतकं करूनही त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. म्हणजे दुसऱ्या महिन्यात लाल आणि कडक दिसणारा वण अजून तयार व्हायचाच आहे. त्यावरून शस्त्रक्रियेचा निकाल लावू नये.

काही वणांत मात्र धागे घालणं थांबतच नाही, आणि तिथे दोन प्रकार ओळखावे लागतात. पहिला हायपरट्रॉफिक, म्हणजे नुसता उठलेला वण. हा एक-दोन महिन्यांत वर येतो, काही महिने वाढतो, पण छेदाची हद्द ओलांडत नाही. बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत आपणहून बसायला लागतो. दुसरा केलॉइड. हा काही महिन्यांनी, कधी वर्षानंतरही सुरू होतो, हद्द सोडून शेजारच्या चांगल्या त्वचेत पसरतो आणि आपणहून बसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी त्याला हे नाव दिलं, खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. नांगीसारखा बाजूला पसरतो, म्हणून.

केलॉइड छातीवर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर जास्त येतो. पोटावरचे उठलेले वण बहुधा पहिल्या प्रकारचे असतात. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत केलॉइडचं प्रमाण गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त आहे, आणि तो घराण्यातही असतो. म्हणून शस्त्रक्रियेआधीच स्वतःचं अंग तपासा. कान टोचले तिथे गाठ आली होती का? दंडावरची बीसीजी लसीची खूण जाड झाली आहे का? आई-वडिलांना, भावंडांना असं काही आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर सर्जनना आधी सांगा. शस्त्रक्रिया करायची का, छेद कुठे घ्यायचा, नंतर काय लावायचं, हे सगळं त्यावर ठरतं.

आता ‘शिवण्यात चुकलं का?’ जंतुसंसर्ग झाला, टाका उसवला, जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर वण उठण्याची शक्यता वाढते. पण या शस्त्रक्रियांत मोठं कारण असतं ताण. पोटाच्या शस्त्रक्रियेत एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद असतो आणि त्वचा ओढून बसवलेली असते. कडेला सतत ओढ बसली की शरीराला वाटतं, इथे अजून धागे हवेत. म्हणून पहिले काही दिवस थोडं वाकून चालायला सांगतात आणि साधारण सहा आठवडे जड उचलू देत नाहीत. पाण्याची भरलेली बादली, गॅसची टाकी, कडेवरचं मूल, हे सगळं जडच.

ताणाबरोबर घासणंही आलं. यावर आपल्याच राज्यातला एक दाखला आहे. २०२४ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची माहिती छापली. वर्षानुवर्षं परकराची नाडी किंवा लुगडं कमरेला घट्ट आवळून त्या जागी न भरणारी जखम झाली आणि तिचं त्वचेच्या कर्करोगात रूपांतर झालं. त्या शस्त्रक्रियेच्या जखमा नव्हत्या, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण कमरेची त्वचा रोजचं काचणं किती सहन करते आणि कुठे हरते, हे त्यातून कळतं. नाडी वणावर येऊ देऊ नका. रुंद पट्ट्याचा परकर वापरा, सैल बांधा. आणि कुठल्याही वणावर महिनाभर न भरणारी जखम दिसली, तर दाखवून घ्या.

उपचारांचा क्रम साधा आहे. जखम पूर्ण मिटली की कागदी चिकटपट्टी किंवा सिलिकॉनची पट्टी. सिलिकॉन दिवसाचे किमान १२ तास, निदान दोन-तीन महिने. उन्हाळ्यात तिच्याखाली घाम साचतो, म्हणून पट्टी आणि त्वचा दोन्ही रोज धुवून कोरडी करा. घामोळं आलं तर काही दिवस थांबा, किंवा जेल वापरा. सर्जननी सांगितलेला दाबाचा पट्टा नेमाने घाला. मालीश सर्जननी परवानगी दिल्यावरच. खोबरेल तेल चालतं, पण वण बसवण्याचं काम हात करतो, तेल नव्हे. उघड्या जखमेवर हळद किंवा घरचा लेप लावू नका. दंडावरचा वण उन्हात काळा पडतो, तो झाका.

पोटातूनही काळजी हवी. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचं खाणं कमी असतं आणि प्रथिनं कमी पडतात. डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी, जे चालत असेल ते आहारतज्ज्ञांना विचारून वाढवा. तंबाखू आणि सिगारेट बंद. मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी.

एवढं करूनही वण वाढतच राहिला, तर ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन थेट वणात देतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, अनेकदा. ते दुखतं. त्वचा पातळ होणं, पांढरा डाग पडणं, मधुमेहींची साखर वाढणं, हे होऊ शकतं. कधी त्याच्या जोडीला फाइव्ह-एफयू हे औषध देतात, ते गरोदरपणात अजिबात चालत नाही. लाली कमी करायला लेझर आहे.

आणि कापणं? हायपरट्रॉफिक वण ताणामुळे आलेला असेल, तर वर्षभर थांबून, ताण काढून परत शिवण्याचा विचार होतो. केलॉइड मात्र नुसता कापला, तर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळा परत येतो, कित्येकदा आधीपेक्षा मोठा. तो कापायचाच असेल तर लगेच इंजेक्शन किंवा किरणोपचार जोडीला लागतात. ‘कापू या’ असं कुणी म्हणालं, तर ‘त्यानंतर काय देणार?’ हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

शेवटी एक सोपी सवय. दर महिन्याला त्याच उजेडात वणाचा फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. आरशात रोज पाहून फरक कळत नाही, फोटोंत कळतो. वण हद्दीत आहे आणि हळूहळू फिका पडतोय, तर धीर धरा. हद्द ओलांडतोय, तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. आणि ताप, पू, पसरणारी लाली किंवा उसवलेली कड दिसली, तर त्याच दिवशी जा.