ब्रॉयलर आणि गावरान एकाच परसात: माझ्या फसलेल्या बॅचची गोष्ट

ज्यांना बसमध्ये इयरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी आजचा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतोय. (मध्येमध्ये मागून कोंबडा आरवतो, ते इथे लिहिलेलं नाही.)

प्रश्न साधा होता. घरी पाच-दहा गावरान कोंबड्या आहेत, त्यांच्यातच पंचवीस ब्रॉयलर पिल्लं सोडली तर चालतील का? मी हे करून बसलोय, म्हणून सांगतो.

आमचं गाव फलटणजवळ. वर्क फ्रॉम होम मिळालं तेव्हा मी लॅपटॉप घेऊन आजीकडे आलो. आजीच्या अकरा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. दिवसभर उकिरडा उकरायचा, संध्याकाळी आपापल्या पायांनी खुराड्यात जायचं. मला वाटलं, आपण इंजिनिअर माणूस, हे ऑप्टिमाईझ करू. बहिणीचा साखरपुडा एप्रिलच्या शेवटी होता. फेब्रुवारीच्या शेवटी पंचवीस ब्रॉयलर पिल्लं आणली. हिशोब असा: ब्रॉयलर दोन किलोचं व्हायला साधारण सव्वातीन किलो खाद्य खातं, म्हणजे पंचवीस पिल्लांना ऐंशी किलो, पन्नासच्या दोन गोण्यांत काम झालं. एक्सेल शीट एकदम सुंदर होती.

आता आधी एक गैरसमज काढू. ब्रॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात, असं प्रत्येक घरात एक काका सांगतोच. तसं नाहीये. वाढ रक्तातच आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 1957, 1978 आणि 2005 सालच्या वाणांची पिल्लं एकत्र, एकाच खाद्यावर वाढवली. 56 दिवसांनी वजनं आली अंदाजे 900 ग्रॅम, 1800 ग्रॅम आणि 4200 ग्रॅम. खाद्य तेच, फरक फक्त पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा. अँटिबायोटिक्सच्या अतिवापराचा प्रश्न मात्र खरा आहे. कोलिस्टिन हे औषध 2019 मध्ये आपल्या सरकारने खाण्याच्या प्राण्यांसाठी बंद केलं, ते त्याचसाठी.

म्हणजे ब्रॉयलर हा पाच-सहा आठवड्यांत दोन किलो व्हायला बनवलेला पक्षी. त्याच्या पुढचं आयुष्य डिझाईनमध्येच नाही. गावरान कोंबडी तेवढं वजन कधी गाठेल न गाठेल, पण ती झाडावर चढते, मुंगूस दिसलं की ओरडते, खुडूक बसते आणि स्वतःची पिल्लं स्वतः वाढवते. ब्रॉयलरची तुम्ही अंडी उबवून पुढची पिढी काढू शकत नाही. तो संकर आहे, त्याचे आईबाप कंपन्यांकडे असतात. दर बॅचला पिल्लं विकतच आणायची.

मी दोघांना एकत्र सोडलं आणि गडबड ब्रॉयलरपासून नाही, खाद्यापासून सुरू झाली. ब्रॉयलरच्या फिनिशरवर आजीच्या कोंबड्या तुटून पडल्या. पोट भरल्यावर किडे-मुंग्या, चुन्याचे खडे कोण शोधणार? त्या खाद्यात कॅल्शियम साधारण एक टक्का. अंड्यावरच्या कोंबडीला त्याच्या तिप्पट-चौपट लागतं. तीन आठवड्यांत अंड्यांची टरफलं बोटाने दबायला लागली. आजी म्हणाली, "आरं, तुझ्या पेंडीनं माझ्या कोंबड्या आळशी झाल्या." उलटं करून ब्रॉयलर पिल्लांना लेयरचं खाद्य घालायला जाऊ नका हां, जास्तीच्या कॅल्शियमने पिल्लांची किडनी जाते.

दुसरं, रक्ती हगवण. मोठ्या गावरान कोंबडीच्या पोटात हा रोग गुपचूप असतो, तिला काही होत नाही. तिच्या विष्ठेतून ओल्या तुसात गेला की पिल्लांना धरतो. माझी तीन पिल्लं त्यात गेली. खरं तर टेस्टिंग आणि प्रॉडक्शन एकाच सर्व्हरवर चालवायचं नाही, हे मी ऑफिसमध्ये ज्युनिअर पोरांना शिकवतो.

पण खरा फटका एप्रिलमध्ये बसला. सहा आठवडे झाले तेव्हा पक्षी तयार होते. शेजारचे काका म्हणाले, काढून टाक. मी म्हटलं साखरपुड्यापर्यंत ठेवू, अजून वजन वाढेल. वाढलंच. आठव्या आठवड्यात साडेतीन किलोचे पक्षी दोन पावलं चालून बसायचे. पायांना ते ओझं पेलत नव्हतं. एका दुपारी 41 डिग्री होतं आणि दोनला लाईट गेली. मी कॉलवर होतो. कोंबडीला घाम येत नाही, ती फक्त धापा टाकून अंग गार करते. त्यात सकाळपासून दाबून खाल्लेलं पचताना आतून उष्णता तयार होत असते आणि एवढ्या मांसाला हृदय-फुप्फुसं पुरत नाहीत. पाचला लाईट आली तेव्हा नऊ मेलेले होते. आजीच्या अकराही चिंचेखाली मातीत पंख पसरून पडल्या होत्या, एकीलाही काही नाही. आजी काही बोलली नाही. तिने पदर खोचला आणि परसामागे खड्डा खणायला लागली. ते मला जास्त लागलं.

मग सहा महिने मी हा विषयच काढला नाही. नंतर नोव्हेंबरमध्ये पुन्हा केलं, फक्त पंधरा पिल्लं. यावेळी शेड गावरानच्या खुराड्यापासून लांब, गोठ्याच्या पलीकडे. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 डिग्री, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी. पिल्लं बल्बखाली गर्दी करतायत म्हणजे थंडी, कडेला पळतायत म्हणजे गरमी, थर्मामीटरपेक्षा हे बघा. सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून, चौदाव्याला गंबोरो. लस बर्फातून आणायची, खिशातून नाही. आजीच्या कोंबड्यांनाही मानमोडीची लस दिली, पहिल्यांदाच. रोज आधी पिल्लांकडे जायचं, मग गावरानकडे, आणि शेडची चप्पल वेगळी. तूस रोज हलवायचं. नाकाला झोंबलं म्हणजे अमोनिया झालाय, तूस बदला. उन्हाळ्यात करणारच असाल तर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खाद्य उचलून ठेवा, पाणी मात्र गार आणि भरपूर.

ज्यांना मधला मार्ग हवाय त्यांच्यासाठी गिरिराज, वनराज हे वाण आहेत, परसासाठीच तयार केलेले. वाढ ब्रॉयलरपेक्षा सावकाश, गावरानपेक्षा जलद. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून उबवायला एखादी गावरान कोंबडी हाताशी हवीच. कडकनाथवर वेगळा एपिसोड करतो, त्याच्या भावाची वेगळीच कथा आहे.

एक्केचाळिसाव्या दिवशी चौदा पक्षी काढले. एक बोक्याने नेला होता. पहिला मी स्वतः कापला, काका शेजारी उभे होते. हात थरथरत होता, लपवत नाही. रश्श्याला आजीने तरीही स्वतःचाच एक कोंबडा दिला. ब्रॉयलरला रश्श्यात चव उतरत नाही, तो सुक्याला ठीक, असं तिचं म्हणणं. त्या बाबतीत मी वाद घालत नाही.