पत्ता : ह्यूम पाइप

ह्यूम पाइप म्हणजे काय, हे सिव्हिलच्या पोरांना सांगायला नको. बाकीच्या ब्रँचेससाठी सांगतो. साचा गरगर फिरवून काँक्रीटचा जो गोल नळ ओततात, तो ह्यूम पाइप. ऑस्ट्रेलियातल्या वॉल्टर ह्यूम नावाच्या माणसाने १९१० मध्ये ही पद्धत काढली. नाल्याच्या कामासाठी आणलेले हे पाइप रस्त्याच्या कडेला महिनोन् महिने पडून असतात, ते आपण सगळ्यांनीच पाहिलेत. आय.एस. ४५८ मध्ये त्याचा व्यास, जाडी, तो किती भार सोसतो, सगळं दिलेलं आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण ते उतरवूनही काढतो.

पण हा शब्द आणखी एका ठिकाणी येतो, आणि तिथे तो भेटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. भारताच्या जनगणनेने 'बेघर' कोणाला म्हणायचं हे ठरवून दिलं आहे. जो छप्पर असलेल्या वास्तूत राहत नाही, म्हणजे उघड्यावर, फुटपाथवर, ह्यूम पाइपमध्ये, फ्लायओव्हरखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहतो, तो बेघर. आपल्या दृष्टीने जे ड्रेनेजचं साहित्य, ते सरकारी कागदावर एखाद्याचा राहण्याचा पत्ता आहे.

मित्रांनो, 'बेघरांबद्दल जनजागृती' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एन.एस.एस.चा बॅनर, पथनाट्य आणि थंडीतलं ब्लँकेट-वाटप येतं. त्याची टिंगल करायचा माझा हेतू नाही. डिसेंबरच्या रात्री ब्लँकेट मिळालं तर ऊब येतेच. पण या विषयावर जिथे जिथे खरोखर काही बदललं, तिथे लोकांनी आधी काय केलं हे मी शोधत गेलो, तेव्हा एक साधी गोष्ट दिसली. त्यांनी आधी माणसं मोजली. मोजणी हा तर आपला धंदा. म्हणूनच हा विषय इंजिनिअरिंगच्या मासिकात आणतो आहे.

एका रात्रीची मोजणी

बेघरांची जनगणना एकाच रात्रीत उरकतात. २०११ साली ती रात्र होती २८ फेब्रुवारीची. देशात १७.७३ लाख बेघर निघाले. २००१ मध्ये हाच आकडा १९.४३ लाख होता. म्हणजे घट झाली म्हणून टाळ्या वाजवायच्या? थांबा. त्यातला शहरांचा आकडा वेगळा काढला तर तो ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेलेला दिसतो. खेड्यात कमी झाले, शहरात वीस टक्क्यांनी वाढले. एकट्या महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर, उत्तर प्रदेशाखालोखाल दुसरा नंबर आपला.

आता या आकड्याची अचूकता पाहू. दिल्लीचं उदाहरण घ्या. आश्रय अधिकार अभियान या संस्थेच्या लोकांनी २००० साली रात्री रस्त्यांवर फिरून मोजणी केली, तेव्हा ५२,७६५ माणसं सापडली. २००८ मध्ये दुसऱ्या एका संस्थेने, इंडो-ग्लोबल सोशल सर्व्हिस सोसायटीने मोजली, तेव्हा ८८,४१०. आणि २०११ च्या जनगणनेत दिल्लीचे बेघर निघाले ४६,७२४. एकाच शहराची अकरा वर्षांतली ही तीन रीडिंग्ज. लॅबमध्ये असं रीडिंग आणलं तर सर जर्नल फेकून देतील.

चूक यंत्रात नाही, मोजायची वस्तूच हलती आहे. पोलिसाने उठवलं की माणूस दुसऱ्या गल्लीत जातो. हमाल, लग्नातले वाढपी, हॉटेलातली पोरं रात्री एक-दोनला काम संपवून झोपायला येतात, तोवर मोजणारा पुढे गेलेला असतो. कोणी हातगाडीवर झोपतं, कोणी बंद दुकानाच्या फळीवर, डोक्यावरून चादर ओढून. बायका तर मुद्दाम दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात झोपतात, कारण रात्री दिसणं हाच त्यांना धोका. अशा वेळी मोजणारा त्या रस्त्याचा माहीतगार नसेल तर आकडा कमीच येणार.

बरं, २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची, ती लांबली आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरला. दोन जनगणनांमध्ये सोळा वर्षांचं अंतर. एवढ्या काळात आपल्याकडे सिलॅबस तीनदा बदलतो.

मालवणीची जागा कोणाला?

मोजलं न जाण्याची किंमत काय असते, हे मुंबईच्या एका खटल्यात स्वच्छ दिसतं. जुलै १९८१. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडायचं. भर पावसात झोपड्या तुटल्या, काहींना तर गावाकडच्या बसमध्ये बसवून दिलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला १० जुलै १९८५ ला. सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड.

हा निकाल कायद्याच्या पुस्तकात गाजला, कारण त्यात कोर्टाने म्हटलं की जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्कही येतो. माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नाही, तर काम तिथून जवळ आहे म्हणून. तिथून उठवलं तर त्याचं कामही जातं. हे वाचून वाटतं, जिंकले! पण निकालाचा शेवट वाचा. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत हात लावू नका, पावसाळा जाऊ द्या, त्यानंतर नियमाप्रमाणे नोटीस देऊन हटवायला हरकत नाही. आणि पर्यायी जागा? १९७६ च्या गणतीत ज्यांची नोंद झाली होती, त्यांना मालवणीला किंवा दुसऱ्या सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी, असं कोर्टाने सांगितलं.

म्हणजे बघा, शेजारी-शेजारी झोपणारी दोन कुटुंबं. एकाकडे १९७६ चा कागद, दुसऱ्याकडे नाही. पहिल्याला जागेची आशा, दुसऱ्याला तारीख. गरिबी दोघांची सारखीच.

भायखळ्याच्या बायका

त्याच काळात भायखळ्याला म्युनिसिपल दवाखान्याच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये स्पार्क ही नवीन संस्था बसायची. स्थापना १९८४ ची. निकाल लागल्यावर तिथल्या कार्यकर्त्यांनी आणि फुटपाथवर राहणाऱ्या लोकांनी मिळून ठरवलं, की आपली मोजणी आपणच करायची. भायखळ्याचा भाग आणि काही मोठे रस्ते धरून सुमारे ६,००० कुटुंबं, २७,००० माणसं नोंदली गेली. कुठून आले, किती वर्षं झाली, काय काम करतात, कामावर कसे जातात. अहवालाचं इंग्रजी नाव 'आम्ही, अदृश्य माणसं' अशा अर्थाचं होतं.

त्यातून जे दिसलं ते 'भिकारी आणि भटके' या समजुतीला धक्का देणारं होतं. ही माणसं शहराच्या कामातली माणसं होती. घरकाम, हमाली, फेरीचा धंदा. बहुतेक जण कामावर पायी जात. लोकलचा पास, बसभाडं आणि जाण्यायेण्याचा वेळ त्यांना परवडण्यासारखा नव्हता. अनेकजण वर्षानुवर्षं त्याच फुटपाथवर होते, त्यांची मुलंही तिथेच जन्मली होती. दूर कुठेतरी स्वस्त घर दिलं तरी प्रश्न का सुटत नाही, याचं उत्तर यात आहे.

पुढे १९८६ मध्ये या बायकांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. रोजचे सुटे पैसे गोळा करून बचत सुरू झाली. आणि मग त्यांनी जे केलं, ते आपल्या आर्किटेक्चरच्या मित्रांनाही ऐकवा. आपल्याला कसं घर हवं, हे त्यांनी स्वतः ठरवायला घेतलं. मोजायला टेप नव्हता, तर साडी हेच माप. खऱ्या आकाराची घरं उभी करून त्यांनी ती लोकांना दाखवली. त्यांच्या घराची उंची १४ फूट आणि आत पोटमाळा. जमीन तेवढीच, पण झोपायची जागा जास्त. संडास प्रत्येक घरात न घेता काही घरांत मिळून एक असावा, असंही त्यांनी विचार करून सुचवलं. प्रदर्शनाला लोक आले, अधिकारी आले. जनजागृती म्हणतात ती ही. 'आमच्यावर दया करा' असं न म्हणता 'हा आमचा प्लॅन, हा आमचा हिशेब, तपासून बघा' असं त्या म्हणाल्या.

१९९५ मध्ये महाराष्ट्र सरकारने झोपडपट्टी पुनर्वसनात फुटपाथवरच्या कुटुंबांनाही पात्र धरलं. कोर्टाचा निकाल ते सरकारचा निर्णय, मध्ये दहा वर्षं गेली. त्या दहा वर्षांत या लोकांच्या हातात होत्या त्या त्यांच्या याद्या.

निवाऱ्याचं गणित

हे झालं फुटपाथवर झोपडी बांधून असलेल्या कुटुंबांचं. ज्यांना प्लॅस्टिकचा कागदही टांगता येत नाही, त्यांचं काय? २००९-१० च्या हिवाळ्यात दिल्लीत पुसा रोडच्या चौकातला एक तात्पुरता निवारा पाडला गेला. कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, प्रकरण अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे गेलं आणि जानेवारी २०१० मध्ये दिल्लीला निवारे उघडण्याचे आदेश निघाले. पुढे इतर मोठ्या शहरांनाही सांगण्यात आलं, की दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याचे नियम आले. लाखामागे किमान १०० माणसांची सोय, चोवीस तास, बारा महिने, आणि डोक्यामागे ५० चौरस फूट.

आता कॅल्क्युलेटर काढा. २०११ ची मुंबई, लोकसंख्या १२४ लाख. नियमाप्रमाणे सोय १२,४०० जणांची. त्याच जनगणनेत मुंबईचे बेघर सुमारे ५७ हजार. म्हणजे नियम शंभर टक्के पाळला, एकही निवारा कागदावर राहिला नाही, तरी पाचात एकालाच जागा. आणि ५७ हजार हा आकडा कमीच असणार, हे आपण वर पाहिलं. नियम वाईट नाही. पण तो शहराच्या लोकसंख्येवर बेतला आहे, बेघरांच्या संख्येवर नाही. डिझाइन लोडच चुकीचा धरला तर बीम कितीही छान ओता, उपयोग काय?

गंमत म्हणून सांगतो. आमच्या ब्लॉकमधली खोली दहा बाय बारा, राहतो तिघं. डोक्यामागे ४० चौरस फूट. कागदावर तरी निवाऱ्यातल्या माणसाला आमच्यापेक्षा जास्त जागा मंजूर होती! फरक एवढाच, की आमच्या खोलीला नंबर आहे. बँकेत खातं उघडायचं असो की सिम घ्यायचं असो, ऑफिसातून बोनाफाइड आणलं की काम होतं. रेशनकार्ड मागायला गेलेल्या बेघर माणसाला पहिला प्रश्न पत्त्याचा, आणि तिथेच गाडी अडते.

मतदार यादीत मात्र याला एक वाट आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे बेघर माणसाला फॉर्म ६ भरताना राहण्याच्या जागेचा कागदी पुरावा द्यावा लागत नाही. तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. केंद्रस्तरीय अधिकारी एकापेक्षा जास्त रात्री तिथे जाऊन माणूस खरंच झोपतो का, ते पाहतो आणि नोंद करतो.

मग आपण काय करायचं?

पहिलं, आपल्या शहरातला बेघरांचा निवारा कुठे आहे, हे माहीत करून घ्या. महापालिकेत विचारा, एकदा प्रत्यक्ष जा. स्टेशनवर रात्री कोणी अडकलेला दिसला तर सांगता तरी येईल.

दुसरं, एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये एक काम फॉर्म ६ चं घ्या. दोन पानी फॉर्म भरून देणं, नंतर पाठपुरावा करणं. आपण परीक्षेचे एवढे फॉर्म भरतो, हे जमेल.

तिसरं, रात्रीची मोजणी करायचीच असेल तर त्या भागात काम करणाऱ्या संस्थेबरोबर, आणि तिथेच राहणाऱ्या एखाद्या माणसाला बरोबर घेऊन. रात्री बारानंतर. झोपलेल्याच्या तोंडावर टॉर्च मारायचा नाही, फोटो काढायचा नाही. त्याच्या घराला दार नाही, म्हणून न विचारता आत शिरायचं असं होत नाही.

आणि शेवटचं, खास सिव्हिलवाल्यांसाठी. कुठल्याही कॉलेजात एखाद्या बिल्डिंगचं काम चालूच असतं. तिथल्या मजुरांची कुटुंबं पत्र्याखाली राहतात आणि स्लॅब पडला की पुढच्या गावाला जातात. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात अशा कामगारांना साइटवर किंवा जवळ तात्पुरती राहण्याची जागा मोफत देण्याची जबाबदारी मालकावर टाकली गेली. हे व्हायवाला कोणी विचारत नाही. पण दोन-तीन वर्षांनी आपल्यातले कितीतरी जण हेल्मेट घालून साइटवर उभे असतील. सिमेंटच्या गोण्या कुठे ठेवायच्या, त्या भिजू नयेत म्हणून शेड कुठे घालायची, हे आपण ले-आउटमध्ये पहिल्या दिवशी दाखवतो. त्याच कागदावर माणसांची शेडही दाखवा. नळ आणि संडास धरून. बिलात ती रक्कम फार मोठी नसते.