पावलं सांगा, रस्ता नको

फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स: नागपुरात सकाळी चालणाऱ्या-पळणाऱ्यांच्या मनगटावर आता स्मार्टवॉच हमखास दिसतं. घाम पुसायच्या आत नकाशासकट आकडे स्टेटसवर किंवा स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपवर चढतात. एकमेकांचं पाहून हुरूप येतो, हे चांगलंच. पण त्याभोवतीचे काही समज महागात पडू शकतात.

गैरसमज : आकडेच तर आहेत, त्यातून कुणाला काय कळणार?
वस्तुस्थिती : आकड्यांसोबत नकाशा आणि वेळही जाते. नकाशावरची रेघ जिथून सुरू होते, तिथे बहुतेकदा आपल्या घराचं फाटक असतं. आठवडाभराच्या पोस्ट एकत्र पाहिल्या, की एखादी मुलगी किती वाजता, कोणत्या रस्त्याने एकटी पळते, हे अनोळखी माणसालाही समजतं.

गैरसमज : नाव नसलं की धोका नाही.
वस्तुस्थिती : स्ट्राव्हाने नोव्हेंबर 2017 मध्ये जगभरातल्या वापरकर्त्यांच्या हालचालींचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात एकही नाव नव्हतं. तरी जानेवारी 2018 मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने त्यात लष्करी तळ दाखवून दिले. कारण सीरियाच्या ओसाड भागात घड्याळ बांधून पळणारे मुख्यतः परदेशी सैनिकच होते. वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आणि शेजारी कामठीची छावणी असलेल्या आपल्या शहराने हे विसरू नये.

गैरसमज : ॲपच्या सेटिंगमध्ये नकाशावरचा घराजवळचा भाग लपवला की झालं.
वस्तुस्थिती : हे सेटिंग वापराच, पण त्यावर विसंबू नका. बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं, की रेघ लपली तरी एकूण अंतर उघडं राहतं. लपलेला तुकडा किती लांब, हे त्यावरून निघतं आणि रस्त्यांच्या नकाशाशी ताडून घरापर्यंत पोचता येतं.

गैरसमज : गैरवापर झाला तर विदासंरक्षण कायदा आहेच.
वस्तुस्थिती : 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याच्या कलम 3 नुसार, आपण स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. पाठलाग झाल्यास फौजदारी कायदा आहे, पण तो पुढचा प्रश्न.

गैरसमज : घड्याळ सांगतं ते अचूकच.
वस्तुस्थिती : स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये सात उपकरणं तपासली. सहांनी हृदयाचे ठोके बऱ्यापैकी बरोबर मोजले, पण कॅलरींच्या हिशोबात सर्वांत चांगल्या उपकरणाचीही चूक सरासरी 27 टक्के निघाली. ग्रुपवर दुसऱ्याच्या कॅलरी पाहून स्वतःला कमी लेखू नका.

मग काय करावं? खातं फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवा. नकाशा पूर्ण लपवा, पावलं आणि किलोमीटर खुशाल सांगा. घड्याळ घरापासून दोन-तीन चौक पुढे गेल्यावर सुरू करा आणि पोस्ट घरी परतल्यावरच टाका. ठोके, झोप, मासिक पाळीच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा, स्टेटसवर नको. आणि खात्याची व नकाशाची ही सेटिंग्ज मुलांच्या, आईबाबांच्या फोनमध्येही आजच तपासा.