क्रूस आणि चंद्रकोर (लेखांक 7) : दाभोळची राखरांगोळी

दापोली तालुक्यातले दाभोळ वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, उत्तर काठावर वसले आहे. पंधराव्या शतकात ते पश्चिम किनाऱ्यावरचे एक गजबजलेले बंदर होते. होर्मुझहून घोडे येत. तांबे, पारा, हिंगूळ इथे उतरे. माल खाडीने चिपळूणला आणि तिथून कुंभार्ली घाटाने देशावर जाई. रशियन प्रवासी अफनासी निकितिन मायदेशी परतताना इथूनच जहाजात बसला. बहमनी राज्य फुटल्यावर हे बंदर विजापूरच्या आदिलशाहीकडे आले.

या बंदरावर 1508 च्या अखेरीस कोसळलेल्या संकटाची मुळे फार दूर होती. धर्मयुद्धाला निघालेल्या युरोपीय सैनिकांच्या मदतीने पोर्तुगालच्या राजाने 1147 मध्ये मुसलमानांकडून लिस्बन जिंकले. 1415 मध्ये पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सेउता घेतले. टेम्पलर या लढवय्या धर्मसंघाची पोर्तुगालमधली मालमत्ता 1319 मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’कडे गेली होती आणि याच संघाचा लाल क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर असे. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोहोचला तेव्हा मसाल्याच्या ओढीबरोबर हे जुने वैरही भारताच्या किनाऱ्याला लागले.

तरीही यातून पेटलेली लढाई ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान एवढीच होती, असे म्हणता येत नाही. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मिरी थेट युरोपात जाऊ लागल्यावर इजिप्तच्या मामलूक सुलतानाचा जकातीचा पैसा आटू लागला आणि ख्रिस्ती व्हेनिसचा धंदाही बुडू लागला. सुलतान कानसूह अल्-घौरीने सुएझला आरमार बांधले, त्यात व्हेनिसचा हितसंबंध होता. कालिकतचा हिंदू राजा सामुतिरी मामलुकांच्या बाजूने, तर कोचीनचा हिंदू राजा पोर्तुगीजांच्या बाजूने होता. गुजरातमधल्या दीवचा सुभेदार मलिक अयाज दोन्हीकडे संधान बांधून होता.

मार्च 1508 मध्ये अमीर हुसेनच्या मामलूक आरमाराने, मलिक अयाजच्या गलबतांसह, चौलच्या खाडीत पोर्तुगीजांना गाठले. तरुण कप्तान लोरेन्सो द आल्मेदाचे जहाज निसटताना कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खांबांत अडकले. तोफगोळ्याने पाय निकामी झाला तरी तो डोलकाठीशी बसून हुकूम देत राहिला; दुसऱ्या गोळ्याने तो ठार झाला. त्याचा बाप फ्रान्सिस्को द आल्मेदा हा पोर्तुगीजांचा भारतातला पहिला व्हाइसरॉय. त्याच्या जागी नेमणूक झालेला आफोन्सो द आल्बुकर्क येऊन दाखल झाला होता. पण मुलाच्या मृत्यूचा सूड घेईपर्यंत सूत्रे सोपवायला आल्मेदा तयार नव्हता.

सूड घेण्यासाठी तो मामलूक आरमाराच्या मागे दीवकडे निघाला. वाटेवर दाभोळ होते. डिसेंबरच्या अखेरीस आल्मेदाचे आरमार वाशिष्ठीच्या मुखातून आत घुसले. काठावर लाकडी तटबंदी, खंदक आणि तोफा होत्या. जहाजांवरून मारा चालू असताना सैनिक होड्यांतून उतरले आणि त्यांनी बंदर दोन्ही बाजूंनी घेरले. बचाव फार वेळ टिकला नाही. त्यानंतर कत्तल सुरू झाली. स्त्रिया आणि मुलेही सुटली नाहीत, असे खुद्द पोर्तुगीज इतिहासकारच लिहितात. मग शहराला आग लावण्यात आली आणि बंदरातली जहाजेही जाळली गेली. चौलच्या लढाईशी दाभोळच्या सामान्य रहिवाशांचा काडीचाही संबंध नव्हता. धर्माच्या नावाने लढल्या गेलेल्या या युद्धातली ही सरळ सरळ सुडाची कत्तल होती. फिरंग्यांचा दाभोळवरचा कोप पुढे किनाऱ्यावर शिव्याशापाच्या भाषेत दाखल्यासारखा वापरला जाऊ लागला, असेही हे इतिहासकार नोंदवतात.

3 फेब्रुवारी 1509 रोजी दीवसमोर आल्मेदाने मामलूक, गुजरात आणि कालिकतच्या एकत्रित आरमाराचा पराभव केला. उंच बुरुजांची, जड तोफांची पोर्तुगीज जहाजे दुरूनच गोळे डागत. तीर आणि चढाईच्या जोरावर लढणाऱ्या हलक्या गलबतांचा त्यापुढे टिकाव लागला नाही. विजयानंतर अनेक कैद्यांचे हालहाल करून प्राण घेण्यात आले. मामलुकांची निशाणे पोर्तुगालमधल्या तोमार इथे, ऑर्डर ऑफ क्राइस्टच्या मठात पाठवण्यात आली. आल्मेदा स्वतः मात्र मायदेशी पोहोचला नाही. मार्च 1510 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ स्थानिक लोकांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला.

दाभोळ पुन्हा उभे राहिले. त्यानंतर काही वर्षांतच दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगिजाने तिथला व्यापार पुन्हा भरभराटीला आल्याचे लिहिले. पुढे 1540 च्या दशकात, गव्हर्नर जुआंव द कास्त्रोच्या काळात, पोर्तुगीजांनी ते परत जाळले. नंतर शिवाजी महाराजांनी दाभोळ आदिलशाहीकडून जिंकून स्वराज्यात आणले.