विस्मृतीत गेलेले रॉक वाद्यवृंद

देवनारचे नाव काढताच मुंबईकरांच्या मनात प्रथम उभी राहते ती तेथील कचराभूमी. १९२७ सालापासून शहराचा केर तेथे साठत आला आहे. मोडक्या खुर्च्या आणि जीर्ण क्रमिक पुस्तके यांच्यासमवेत किती कॅसेटी तेथे पोहोचल्या असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. घराला रंग काढताना माळा रिकामा होतो, पुठ्ठ्याच्या खोक्यातून कॅसेटी निघतात. त्या वाजविणारे यंत्र घरात उरलेले नसते; सबब खोके भंगारवाल्याच्या स्वाधीन होते. घरातील वडीलधाऱ्या गृहस्थांना मात्र एखाद्या डबीवरील अक्षर ओळखीचे वाटते, आणि महाविद्यालयात असताना रात्र जागवून ऐकलेला एखादा रॉक वाद्यवृंद आठवतो. त्याचे नाव मुलांनी ऐकलेलेही नसते.

हे वाद्यवृंद सामान्य होते म्हणून विसरले गेले, असे समजणे अन्यायाचे होईल. ते विसरले गेले याचे मुख्य कारण हे की, त्यांचे गाणे रंगमंचावर जन्मले आणि बहुधा तेथेच विरून गेले. ज्यांची तबकडी निघाली ते उरले. 'सिमला' नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी एका तंबाखू कंपनीने 'सिमला बीट' ही स्पर्धा भरविली होती. तिच्यातील वाद्यवृंदांच्या १९७० आणि १९७१ या दोन वर्षांच्या तबकड्या निघाल्या. म्हणूनच शिलाँगचा 'फेंटोन्स' आणि कलकत्त्याचा 'ग्रेट बेअर' आज ऐकावयास मिळतात. सिगारेटने तरुणांचे काय भले केले हा प्रश्न निराळा. पण हा ठेवा तिच्याच पैशाने राहिला, हे नाकारता येत नाही. मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट'ची कथाही अशीच आहे. 'ऑब्सेशन ७७' ही त्यांची तबकडी वर्षानुवर्षे केवळ संग्राहकांच्या तोंडी होती. २०११ साली अमेरिकेतील एका कंपनीने त्यांचे संगीत पुन्हा प्रसिद्ध केले, आणि आपल्या शेजारच्या मुलांनी काय वाजविले होते हे मुंबईला परदेशाकडून कळले!

मराठी घरांना या इतिहासातील एक नाव परके वाटणार नाही. नंदू भेंडे हे नट-दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. आई आशा भेंडे रंगभूमीवरील अभिनेत्री, शिवाय लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. ते शास्त्र शिकविणारी आंतरराष्ट्रीय संस्था देवनारलाच आहे. नंदू 'व्हेल्व्हेट फॉग' आणि 'सॅव्हेज एन्काउंटर' या वाद्यवृंदांतून इंग्रजी रॉक गात. १९७४ साली 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या संगीतिकेत त्यांनी जूडासची भूमिका केली. १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त तोच आवाज मराठीत घुमला. त्या नाटकाची आठवण आजही निघते. त्याआधीच्या वाद्यवृंदांची क्वचितच. २०१४ साली नंदू निवर्तले.

पुढे १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला. 'रॉक मशीन' हा वाद्यवृंद, ज्याने १९९३ साली 'इंडस क्रीड' असे नाव घेतले, त्याच काळात गाजला. त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या व नाव टिकले. शेजारी रुग्णालय असल्याने रंगभवनाचा परिसर पुढे शांतताक्षेत्रात मोडला आणि तेथील रॉकचा आवाज बंद पडला. अशा ठिकाणी गाऊन गेलेल्या, पण तबकडीपर्यंत न पोहोचलेल्या वाद्यवृंदांचे गाणे आता असलेच तर श्रोत्यांपैकी कोणी भरून आणलेल्या कॅसेटीतच असावयाचे. माळ्यावरचे खोके उघडण्यापूर्वी एवढे ध्यानी असलेले बरे.

ही फीत म्हणजे लोहभस्माचा लेप दिलेली प्लॅस्टिकची पट्टी. तिची रुंदी ४ मिलिमीटरहूनही किंचित कमी. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने ती धावते. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटीत सुमारे ८६ मीटर फीत मावते. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते, वेटोळी एकमेकांस चिकटतात, आणि फीत यंत्राच्या मुखाशी दाबून धरणारी बारीक गादी गळून पडते. म्हणून सापडलेली कॅसेट उत्साहाच्या भरात लगेच वाजवू नये. पांढरी बुरशी दिसल्यास ती जाणकाराकडेच द्यावी. एरवी पेन्सिल घालून चक्र हलके फिरवून पाहावे. अडत नसल्यास फीत एकदा पूर्ण पुढे व एकदा मागे गुंडाळावी, यंत्राचे मुख स्पिरिटने पुसावे, आणि पहिल्याच वादनात संगणकावर प्रत उतरवून घ्यावी. दुसरी संधी मिळेलच असे नाही.

कॅसेटीच्या पाठीला दोन लहान जिभा असतात. त्या मोडल्या की तीवर नवे भरता येत नाही. पुष्कळांनी त्या मोडल्याच नाहीत. ज्यांनी मोडल्या, त्यांच्या धाकट्या भावंडांनी भोकावर चिकटपट्टी लावून वर चित्रपटगीते भरली. तरीही ती फीत टाकू नये. गीत अर्ध्यावर संपते, खरखर ऐकू येते, आणि त्यानंतर कित्येकदा जुन्या मैफलीचा उरलेला तुकडा, टाळ्यांसह, अनपेक्षितपणे सुरू होतो.